दोन नाकांचं दुकान

दि. ३ मार्च, सोमवार
दुकानातून, दुपारी

प्रिय साडूसाहेब,

सप्रेम नमस्कार. तुमची तब्येत बरी आहे, गुडघा आता दुखत नाही आणि परवा नवीन चष्मा केलात तो तुम्हाला शोभत नाही, हे सगळं मला ठाऊक आहे, म्हणून विचारत नाही. आमची ही आणि तिची धाकटी बहीण, म्हणजे तुमच्या सौभाग्यवती, रोज सकाळी फोनवर बसतात. मी शेजारी चहा पीत पेपर वाचतो आणि ऐकत नाही असं दाखवतो. तिकडे तुम्हीही तेच करता म्हणे. दोन बहिणींनी दोन साडूंचा अबोला इतकी वर्षं व्यवस्थित चालवला, त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं.

पण आता काम असं निघालंय की ते बायकांच्या तोंडून पाठवून चालणार नाही. मागे मी नुसतं ‘बरा आहे ना तो?’ एवढंच विचारलं होतं. ते तिकडे पोचेपर्यंत ‘ते तुमच्या आठवणीने जेवत नाहीत’ असं झालं. मी व्यवस्थित जेवतो. पुन्हा वाढून घेतो. तेव्हा म्हटलं, आपणच कागद-पेन घ्यावं. हिने बजावलंय की ज्याच्याशी भांडण आहे त्याला पत्रात अरे-तुरे करू नका, बरं दिसत नाही. म्हणून हे ‘तुम्ही’. लिहिताना हात अवघडतोय, पण असो.

तर मुद्दा. आपले कप्तान आठवतात? दाढीवाले, जहाजावरून निवृत्त झाले त्या दिवशी गणवेशातच दुकानात आले होते ते. धातूच्या नळीत एकेक सिगार, अशा दोन पेट्या त्यांनी घेतल्या आणि आपल्याकडेच मुरायला ठेवल्या. त्यांची मुलगी तेव्हा नुकतीच कुठल्याशा जहाजावर खालच्या हुद्द्याला लागली होती. म्हणाले, ‘तिला स्वतःचं जहाज मिळेल त्या दिवशी न्यायला येईन.’ आपण दोघंही मनात म्हणालो होतो, कसला येतोय म्हातारा! साडूसाहेब, म्हातारा येतोय! पोरीला जहाज मिळालं, कप्तान झाली ती. तेवीस तारखेला, रविवारी, बापलेक दोघंही पेट्या न्यायला येणार आहेत. पहिल्या सफरीला निघण्याआधी ती आपल्या हाताने प्रत्येक खलाशाला एकेक सिगार देणार आहे.

आता याच दोन पेट्यांवरून आपलं फाटलं, हे काही तुम्ही विसरला नसाल. तुमचं म्हणणं, नळीचं झाकण अर्धा आटा सैल ठेवा, म्हणजे सिगारला मुद्दाम दमट ठेवलेल्या कपाटातला ओलावा मिळेल आणि आतला उग्र दर्प बाहेर जाईल. माझं म्हणणं, झाकण घट्टच हवं, नाहीतर नळी दिली कशाला? एकेकाला स्वतंत्र खोली दिलीय तर दार लावून झोपू दे की बिचाऱ्याला. शेवटी एक पेटी तुमच्या पद्धतीने सैल आणि एक माझ्या पद्धतीने घट्ट, असं ठरलं. तरी तुमचं समाधान झालं नाही. ‘थोरले, अर्धा माल तुम्ही मारणार’ असं म्हणालात, जेवणाचा डबा उचललात आणि निघालात, ते थेट कॉफी भाजण्याच्या कारखान्यात. सिगार हुंगणारं नाक कॉफी हुंगायला लागलं. तिथे चांगलं नाव काढलंत, तेही ऐकून आहे.

दोन्ही पेट्या कपाटात खालच्या फळीवर जशा होत्या तशाच आहेत. सैल ती सैल, घट्ट ती घट्ट. तुमच्या पेटीची झाकणं मी गुपचूप आवळली असतील, असा संशय धाकटीने बोलून दाखवला. तो तिचा नाही, तुमचाच असणार. मी तसला माणूस नाही. मोह झाला होता, पण मी तसला माणूस नाही.

अडचण आहे ती सासरेबुवांच्या नियमाची. मुरवलेला माल दुकानाबाहेर जायचा तर गिऱ्हाइकासमोर नळी उघडायची, दुकानातल्या दोघांनी हुंगायची आणि दोघांनीही मोठ्याने शब्द द्यायचा. एका नाकाच्या भरवशावर माल द्यायचा नाही. सासरेबुवा होते तोवर एक नाक त्यांचं असायचं, नंतर तुमचं-माझं. तुम्ही गेल्यापासून मी मुरवलेला माल विकलेलाच नाही, रोजचाच विकतो. कप्तानांना तर हा नियम तोंडपाठ. फोनवर पहिलं हेच विचारलं, ‘दोन्ही नाकं हजर असतील ना?’ मी म्हटलं, ‘म्हणजे काय, असतील की!’ निघून गेलं तोंडातून.

तेव्हा एका नाकाची अडचण आहे. तुम्ही आलात तर दुकानाचा शब्द राहील आणि कोणाची पद्धत बरोबर त्याचा निकालही लागेल. निकालासाठी तरी या. मला हरलेलं बघायची तुम्हाला हौस असेलच.

बाकी इकडे ठीक. थंडीत मला सणसणीत ताप आला होता, बरेच दिवस अंथरुणात होतो, आता ठणठणीत आहे. शेजारचा न्हावी मला रोज विचारतो, ‘दुकान कधी विकताय?’ मी त्याला रोज विचारतो, ‘तू केस कापायला कधी शिकतोयस?’ मध्ये एकदा दूध करपून भांडं काळं झालं, आणि मी ओट्याशीच उभा होतो म्हणून हिने घर डोक्यावर घेतलं. मी विचारात होतो. माणूस विचारात असू शकतो. शिवाय हल्ली ही मधूनच विचारते, ‘मी आज कुठलं अत्तर लावलंय, सांगा बरं’. मी सांगितलं की आत निघून जाते. बायकांना नेमकं काय हवं असतं ते तुम्हाला कळलं असेल तर मलाही कळवा.

रविवारी वाट बघतो. दुपारी आलात तरी चालेल, पण सकाळी आलात तर बरं.

आपला,
घट्ट झाकणवाला


दि. ११ मार्च, मंगळवार

प्रिय साडू,

निरोप पोचला. धाकटीने हिला सांगितला, हिने मला, आणि या खेपेला मी शब्दन् शब्द पुन्हा विचारून घेतला. ‘कॉफीचा नवा माल उतरलाय, सुट्टी मिळणार नाही. आणि थोरल्यांचं एकच नाक दहांना भारी आहे, त्यांना दुसरं कशाला लागतं?’

हे टोमण्यात म्हणालात की मनापासून, ते काही कळलं नाही. पण ते ऐकलं आणि मी कप अर्धाच खाली ठेवला. तसाच उठून दुकानात आलो. दार उघडलं, पाटी मात्र ‘बंद’च ठेवली आणि लिहायला बसलो.

ते ‘तुम्ही’ पुरे झालं. हिला काय सांगायचं ते मी बघेन. अरे, मला वास येत नाही.

त्या तापात गेला तो आलाच नाही. आधी वाटलं, सर्दी आहे, जाईल. सर्दी गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘येईल कदाचित, किंवा नाहीही येणार, वाट बघा.’ वाट बघायला काय, मी बघतोच आहे. कपाटाचं दार उघडलं की जो भपकारा यायचा, ज्याला तू ‘आलो बुवा घरी’ म्हणायचास, तो आता नाही. पहिल्या दिवशी मी ते दार उघडून बंद करून, उघडून बंद करून दमलो. शेवटी न्हावी बाहेरून ओरडला, ‘बिजागरीला तेल घाला!’

तुला मी एका नाकाची अडचण आहे असं लिहिलं. दोन्हीची आहे.

रोजच्या मालाचं निभावतं. गिऱ्हाईक समोर आलं की मी डोळे मिटतो, ‘अहाहा’ करतो आणि जुन्या आठवणीवर बोलत सुटतो. बोलण्यात मी कधी कमी पडलोय का? लोक माना डोलावतात, माल घेतात, परत येतात. पण कप्तानांच्या पेट्यांची आठवण कुठून आणू? त्या इतक्या वर्षांत कोणी उघडूनच बघितलेल्या नाहीत.

हिला मी बोललेलो नाही. तिला संशय असावा. ते अत्तराचं विचारते ना, त्या दिवशी तिने अत्तर लावलेलंच नसतं की काय, कोण जाणे.

मला भीती वाटते रे. सांगून टाकतो एकदा. या रस्त्यावर मला ‘नाकवाले’ म्हणून ओळखतात, ते नाव जाईल, त्याची आहेच. पण जास्त भीती त्या पोरीची वाटते. इतकी वर्षं बाप वाट बघतोय, ती एवढी मेहनत करून जहाजाची कप्तान होऊन समोर उभी राहणार, आणि मी तिच्या हातात न हुंगताच काहीतरी ठेवणार, वर छातीठोक शब्द देणार. माल बिघडलेला असला तर पहिल्याच दिवशी आपल्या माणसांसमोर तिची शोभा होईल. असला शब्द मी आजवर कोणाला दिलेला नाही, आता म्हातारपणी सुरुवात करायची नाही.

म्हणून तू ये. तू आधी हुंग, मी तुझ्या तोंडाकडे बघेन. तू मान हलवलीस की माझं ‘अहाहा’. नाक मुरडलंस की मी गप्प. कोणाला काही कळणार नाही.

सुट्टी मिळत नसेल तर साडू अत्यवस्थ आहे म्हणून सांग. फार ताणू मात्र नकोस, धाकटीच्या कानावर गेलं तर अर्ध्या तासात इथे रडारड सुरू होईल.

ये रे बाबा.

तुझा,
थोरला


दि. २५ मार्च, मंगळवार

प्रिय साडू,

तू सुखरूप पोचलास, बसमध्ये खिडकीची जागा मिळाली आणि कोणीतरी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलं, हे सकाळच्या फोनवरून कळलं. इकडेही सगळे मजेत.

तू आलास ते बरं झालं हे तोंडाने म्हणायचं राहूनच गेलं. मी तरी काय करणार? इतक्या वर्षांनी दारात उभा राहिलास आणि पहिलं वाक्य काय, तर ‘पाटीला रंग द्या की जरा!’ मीही लगेच तुझ्या चष्म्यावर घसरलो. ही म्हणाली, ‘चला, बोलायला तरी लागले.’ मला तर तिथल्या तिथे गाणं म्हणावंसं वाटत होतं, पण बापलेक यायची वेळ झाली होती.

आता मला काय काय दिसलं ते सांगतो. तू आधी सैल पेटीतली नळी उघडलीस, हुंगलीस आणि म्हणालास, ‘छान मुरलाय.’ एवढंच. मग घट्ट पेटीतली उघडलीस. झाकण निघेना, रुमालाने पकडून फिरवावं लागलं. लांब श्वास घेतलास. डोळ्यांत पाणी आलं तुझ्या. चष्मा काढून पुसलास आणि म्हणालास, ‘थोरले, जिंकलात तुम्ही!’

कप्तान म्हणाले, ‘मग हीच पेटी द्या.’ तर तू घाईघाईने म्हणालास, ‘छे छे, हा वाटायचा माल नाही कप्तान. याला अजून काही वर्षं द्या, मग बघा. खलाशांसाठी ही सैलच न्या.’ मग मीही त्या जिंकलेल्या पेटीतली एक नळी उचलली, नाकाशी धरली आणि असं काही ‘अहाहा’ केलं की बस. ती नवी कप्तान पोरगी तोंडाला हात लावून खिडकीकडे वळली, कप्तान छताकडे बघायला लागले. मला वाटलं, भारावून गेलेत सगळे. जाताना त्यांनी सैल पेटीतला एक सिगार दुकानाला भेट म्हणून ठेवला.

रविवारी मी हवेत होतो. न्हाव्याला बोलावून सांगितलं, हिला सांगितलं, रस्त्यावरच्या एका अनोळखी माणसालाही थांबवून सांगितलं की घट्ट झाकणाचाच विजय झाला, आणि तोही प्रतिपक्षाच्या तोंडून.

काल सकाळी म्हटलं, मागे राहिलेली आपली घट्ट पेटी जरा डोळे भरून बघावी. नळी उघडली, सिगार हातात घेऊन बोटांत फिरवला. कुरकुरला रे. वरचं पान टेबलावर चुरा होऊन पडलं. मग कप्तानांनी ठेवलेला तुझा सैलवाला घेतला. मऊ, दाबला की दबतोय, सोडला की परत फुगतोय. बोटं काही तापाने गेलेली नाहीत माझी. मग मी त्या घट्टवाल्याची रिकामी नळी नाकाशी धरून जोरात श्वास घेतला. वास कसला येतोय, पण असं झणझणीत झोंबलं नाकाला की डोळ्यांतून घळाघळा पाणी! तिथे खुर्चीत बसूनच मला तुझा रविवारचा चेहरा आठवला. वा रे वा! माझ्या विजयाने गहिवरलास असं समजून मी हिला ते रंगवून रंगवून सांगितलं होतं.

आधी तुझा भयंकर राग आला. मग एकट्यानेच इतका हसलो की न्हावी अर्धी दाढी सोडून बघायला आला. तो गेल्यावर थोडं रडूही आलं, ते काही त्या दर्पाचं नव्हतं.

कप्तानांना लगेच फोन लावला. म्हटलं, ‘तुमची दुसरी पेटी मी बिघडवली आहे, आणि मला वासही येत नाही, माझा शब्द धरू नका.’ ते शांतपणे म्हणाले, ‘ते आम्हाला रविवारीच कळलं. तुम्ही नळीचं बंद टोक हुंगत होतात.’

बंद टोक, साडू! आणि तू माझ्या बाजूलाच उभा होतास! चेहऱ्यावरची रेघ हलली नाही तुझ्या. कप्तान म्हणाले की पोरगी गाडीत बसल्यावर जी हसत सुटली ती थांबेचना. पण सैल पेटीबद्दल तुझा शब्द खरा निघाला, तिने त्यातला एक बापाला ओढायला देऊन आधी खात्री करून घेतली. माझ्यासारखं कोणाच्या तोंडाकडे बघून नाही ठरवलं. चांगली कप्तान होईल.

मग हिला सांगितलं. ती म्हणाली, ‘दूध करपलं त्याच दिवशी मला कळलं होतं. तुम्ही सांगायची वाट बघत होते.’ तेव्हापासून मी ओट्याजवळ गेलो की ती मागून येऊन गॅस बघून जायची, आणि मला वाटायचं, प्रेमाने येतेय. बरं, हे तिने धाकटीलाही सांगितलं नव्हतं. रोजच्या फोनमध्ये तिने गिळलेली ही एकच बातमी असेल.

आता तुझ्याबद्दल. तुला ठाऊक होतं की मी हरलोय. कप्तानांचं नुकसान होऊ दिलं नाहीस, पोरीची फजिती होऊ दिली नाहीस, आणि मला जिंकून देऊन बसने निघून गेलास. हे सगळं त्या जागेवर उभ्या उभ्या सुचलं तुला. तू माझ्याशी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा गोड बोललास आणि तेही खोटं. मला ते फार लागलं, आणि फार बरंही वाटलं, दोन्ही खरं आहे. पण पुन्हा असं करू नकोस.

सासरेबुवांनी नियम दोन नाकांचा का केला असेल, याचा मी काल दिवसभर विचार केला. एक नाक चुकलं तर दुसऱ्याने भर गिऱ्हाइकासमोर ‘नाही’ म्हणावं, म्हणूनच ना? माझ्यावर दया करून तू ‘हो’ म्हणणार असशील तर तुझंही नाक गेल्यातच जमा आहे, आणि मग दुकानात एकही उरलं नाही. तुझ्या कारखान्यात कॉफी करपली तर तिथल्या साहेबाला वाईट वाटू नये म्हणून तू गप्प बसतोस का? मला माहीत आहे, नाही बसत. मग मीच काय पाप केलंय?

आज सकाळी कपाटातल्या सगळ्या नळ्यांची झाकणं मी माझ्या हाताने सैल केली. बोटं दुखतायत. करताना तुझ्या नावाने खडे फोडले, पण एकही सोडली नाही.

कारखाना सोड असं मी म्हणणार नाही. तिथे तुला मान आहे. पण तुझा सुट्टीचा वार इकडे दे. मुरवलेला माल त्या दिवशी काढू. तू हुंगायचं, मी बोलायचं, आणि गिऱ्हाइकाला मी आधीच सांगणार की हल्ली नाक याचं आणि तोंड माझं. आलेल्या पहिल्या दोघांना सांगूनही टाकलं. एक हसला, एकाने विचारलं, ‘मग ते कधी येतात?’ मी म्हटलं, विचारून सांगतो. विचारतोय.

मला सांभाळून घेणारे घरात आहेत, न्हावीसुद्धा कालपासून गोड बोलायला लागलाय, त्याने मी हैराण आहे. ‘थोरले, तुम्ही चुकताय’ असं मला तोंडावर सांगणारं या जगात एकच माणूस होतं, आणि ते गेल्यापासून मला करमलेलं नाही. नाक तर आत्ता गेलं, हे त्याच्या कितीतरी आधीपासूनचं आहे.

ये, आणि आल्यावर भांड माझ्याशी.

तुझा हरलेला,
थोरला